कूलरच्या खोलीतलं धनुष्य

लाकडी धनुष्य करायला शिकवणाऱ्या इंग्रजी पुस्तकांत हेझेल हटकून भेटतं. आपल्याला हे झाड ठाऊक आहे ते चॉकलेटातल्या दाण्यापुरतं. युरोपात ते बांधाकुंपणाला उगवतं. बुंध्याशी छाटलं की सरळसोट फुटवे येतात, त्यातला मनगटाएवढा एक निवडायचा आणि कामाला लागायचं. यू या झाडाच्या लाकडाचा मान मोठा. १५४५ साली बुडालेली ‘मेरी रोझ’ ही इंग्रजी युद्धनौका १९८२ मध्ये वर काढली, तिच्यावर यूची शंभराहून जास्त धनुष्यं सापडली. हेझेलला असा इतिहास नाही, पण हाताशी असलेलं लाकूड म्हणून मला त्याचीच जवळीक वाटते.

आमच्याकडे वर्ध्यात ती जागा धामण या झाडाची. कुऱ्हाडीचा दांडा, कावडीची काठी यासाठी जुनी माणसं धामण शोधत, कारण ती वाकते आणि सरळ होते. पण जंगलातली धामण आता बघायचीच. जवळचं बोरचं जंगल तर २०१४ पासून व्याघ्र प्रकल्प आहे. एखाद्या धुऱ्यावरची फांदी शेतकऱ्याने दिली तर ठीक, नाहीतर बांबू. आणि खरं सांगायचं तर विदर्भात बांबूच बरा. इथल्या कोरड्या, मुरमाड जमिनीत वाढलेला मानवेल बांबू जवळजवळ भरीव निघतो. तीनेक वर्षांचा घ्यावा. कोवळा घेतला की वाळताना सुरकुततो, आणि त्यात पिठूळ अंश राहिला की भुंगेरे आलेच.

बांबू पाचर ठोकून चिरला की त्याची हिरवी पाठ ती धनुष्याची बाहेरची बाजू. दोरी ओढली की पाठ ताणली जाते आणि पोटाकडची बाजू दाबली जाते. बांबूचे सगळ्यात दाट धागे सालीलगत असतात, म्हणून तासायचं ते फक्त पोटाकडून. कारंजाकडच्या एका गोंड म्हाताऱ्याने मला एवढंच शिकवलं. “पाठीले हात नोको लावू भाऊ. पाठ गेली का कमठा गेला.” त्याच्या कमठ्याची दोरीसुद्धा बांबूचीच होती: सालीची लांबलचक कमची, दोन टोकांना वाखाचे फासे. ती ताण खात नाही, पावसात सैल पडत नाही. मी नायलॉन वापरतो, आणि दर वेळी तो म्हातारा आठवतो.

तासायचं काम कोयत्याने सुरू होतं आणि फुटक्या बाटलीच्या काचेवर संपतं. भिंतीतल्या खुंटीवर धनुष्याची मूठ टेकवायची, दोरी खाली ओढायची आणि दोन पावलं मागे सरून बघायचं. एखाद्या जागी कोन पडत असेल तर त्या जागेला हात लावायचा नाही. ती आधीच जास्त वाकते आहे. काच फिरवायची ती तिच्या दोन्ही बाजूंच्या ताठ भागावर. पेराजवळ लाकूड ताठ असतं, कांड्याच्या मध्यावर नरम. काचेखालून कागदासारखे पातळ वळसे निघतात, आणि तेवढ्यानेही वाक बदलतो. ही दृष्टी पुस्तकातून येत नाही, असं मला वाटतं.

पुस्तकं दुसऱ्याही एका बाबतीत आमच्या उपयोगाची नाहीत. त्यांची सगळी काळजी लाकूड वाळेल कसं याची. वर्ध्यात काळजी उलटी. लाकूड हवेतला ओलावा घेतं आणि सोडतं. धनुष्याला आठ-दहा टक्के ओलावा मानवतो. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे गेला की दुपारच्या त्या भट्टीत लाकूड चार-पाच टक्क्यांवर येतं, आणि तेव्हा दोरी ओढली की पाठीवर चीर उठते. जुलैत याच्या नेमकं उलट: लाकूड पाणी पितं, पोटाकडचे धागे चेंगरतात, दोरी उतरवली तरी वाक तसाच राहतो आणि बाणातला जोर जातो. म्हणून कच्चा आकार दिवाळीनंतर आणि शेवटचं तासणं फेब्रुवारी-मार्चमध्ये. मे महिन्यात तयार धनुष्यं कूलरच्या खोलीत हलवतो. वाळ्याच्या ताट्यांतून आलेल्या ओल्या हवेने लाकूड सावरतं. घरच्यांचं म्हणणं असं, की या खोलीत आधी धनुष्यांचा नंबर, मग माणसांचा.

“गांधींच्या जिल्ह्यात धनुष्य?” असं पाहुणे हमखास विचारतात. मी म्हणतो, इथे धनुष्य कधी नव्हतं? कापूस पिंजायची पिंजण म्हणजे ताणलेली तातच. तिच्या कंपाने सरकी काढलेला कापूस मोकळा होतो. आणि चाळीसच्या दशकात गांधीजींनी जिची शिफारस केली ती धनुष तकली तर नावानेच धनुष्य होती: छोटी कमान ओढायची की चाती फिरे. पाहुणे मान हलवतात, पण पटल्यासारखे दिसत नाहीत.

गिऱ्हाईक म्हणाल तर ‘इंडियन राउंड’ खेळणारी पोरं. या प्रकारात साधं बांबूचं धनुष्य चालतं. नेम धरायचा पन्नास आणि तीस मीटरवर. नागपूरचा ओजस देवतळे २०२३ मध्ये बर्लिनला जगज्जेता झाला तो कंपाउंड धनुष्यावर, ज्याला कप्प्या असतात आणि किंमत लाखाच्या पुढे. पोरांना स्वप्न त्याचं पडतं, परवडतं बांबूचं. त्यांना हलकं, आखूड, जोरकस धनुष्य हवं असतं. आखूड धनुष्यात प्रत्येक बोटाएवढ्या भागावर ताण जास्त येतो, आणि आमच्या उन्हाळ्यात तो ताण परवडत नाही. म्हणून मी मापापेक्षा चार बोटं लांब आणि थोडं रुंद ठेवतो. बाण जरा मंद जातो. पोरं कुरकुरतात, पन्नास मीटरवर बाण खाली पडतो म्हणतात. मी सांगतो, नेम वर धरा.