सुटे चिरे, सुटी कौले

रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांत घराभोवती, बागेभोवती आणि पाणंदीच्या दोन्ही अंगांना जांभ्या दगडाची जी कमरेएवढी, कुठे छातीएवढी भिंत दिसते तिला गडगा म्हणतात, आणि या गडग्यात मन अडकून राहावे अशी गोष्ट ही की त्यातल्या दोन दगडांना एकमेकांशी बांधून ठेवणारे असे काहीच त्यात नसते. चुना नसतो, सिमेंट नसते, बहुतेक ठिकाणी मातीही नसते. तळाशी रुंद आणि वर निमुळती होत गेलेली ही रचना केवळ दगडांच्या वजनावर, एकमेकांत बसलेल्या त्यांच्या कोनांवर आणि रचणाऱ्याच्या नजरेवर उभी राहते, आणि चार महिन्यांत सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस अंगावर घेतल्यानंतरही आश्विनात तिचा बहुतेक भाग जागच्या जागी सापडतो.

याचे कारण तिच्या फटींत आहे. उतारावरून येणारे पाणी गडग्यामागे तुंबत नाही. ते दगडांमधून वाट काढते, माती मागे ठेवते आणि पुढच्या वाफ्यात उतरते. सिमेंटच्या भिंतीत पाण्याला बाहेर पडायला भोके ठेवलेली नसली की तिच्यामागची माती भिजून फुगते, भार वाढत जातो आणि एखाद्या आषाढी रात्री अख्खी भिंत एकदम आडवी होते. गडगा पडतो तोही थोडाथोडा, हात-दोन हातांच्या खिंडारापुरता, आणि पडण्यापूर्वी त्या जागी त्याला पोट सुटते, म्हणजे मधला भाग बाहेर फुगू लागतो, जे आवारात रोज वावरणाऱ्या माणसाच्या नजरेतून सुटत नाही. दुरुस्तीचे सामानही शोधावे लागत नाही, कारण ते तिथेच पायाशी पडलेले असते. दुरुस्त करणारा आधी पडलेले दगड आकारानुसार वेगळे करतो, खिंडाराच्या दोन्ही कडांचे हललेले दगड स्वतःच काढून घेतो, तळापर्यंत जातो आणि मग चढत येतो; वरवर चार दगड लावून भागत नाही, हे या कामातले पहिले शहाणपण आहे.

जांभा हा दगड उष्ण आणि अतिपावसाच्या प्रदेशात तयार होतो. मूळ खडकातली विरघळणारी द्रव्ये प्रदीर्घ काळ पाण्याबरोबर वाहून जातात आणि मागे मुख्यतः लोह व ॲल्युमिनियम यांची ऑक्साइडे उरतात, म्हणून तो तांबडा आणि सच्छिद्र असतो. फ्रान्सिस बुकॅनन या स्कॉटिश वैद्याने मलबारातील अंगाडिपुरम येथे तो पाहिला आणि १८०७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवर्णनात त्याची शास्त्रीय जगाला ओळख करून दिली. जमिनीत असेपर्यंत हा दगड लोखंडी हत्याराने सहज कापता येतो आणि हवेत आल्यावर कठीण होत जातो, हे तिथल्या कारागिरांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक असलेले गुपित त्याने नोंदवून ठेवले. खाणीतून कापून काढलेल्या चौकोनी ठोकळ्याला चिरा म्हणतात. घडीव चिरा घराच्या भिंतीला जातो, आणि शेत मोकळे करताना निघालेले ओबडधोबड दगड किंवा खाणीतले तुटके चिरे गडग्याच्या वाट्याला येतात.

आवारात थोडे आत गेले की असेच सोडता-बांधता येणारे पुष्कळ काही आढळते. अंगणात शिरायच्या वाटेवर दोन खांबांच्या भोकांतून आडवे बांबू सरकवलेले बेडे असते, जे गुरांना अडवते आणि माणसाला एक बांबू सरकवून आत घेते. पोफळीच्या खांबांवर घातलेला मांडव दिवाळीच्या आसपास उभा राहतो आणि मृगापूर्वी उतरवला जातो. त्याचे बांबू आणि खांब गोठ्याच्या माळ्यावर जातात आणि छपराचे झाप, म्हणजे नारळाच्या झावळ्यांचे विणलेले पट्टे, चुलीत जातात. ओढ्यावरचा दगडमातीचा बंधारा पाऊस ओसरल्यावर गाव मिळून घालते आणि पुढच्या पावसाचा पहिला लोंढा तो घेऊन जातो, हे घालणाऱ्या प्रत्येकाला माहीत असते. या सर्व गोष्टी जन्मतःच दुरुस्तीसाठी मोकळ्या ठेवलेल्या असतात, आणि त्यांच्यातील सर्वांत देखणी, सर्वांत कष्टाची आणि आज सर्वांत वेगाने नाहीशी होणारी गोष्ट म्हणजे कौलारू छप्पर.

पावसाळ्यापूर्वी छपराची कौले उतरवून, साफ करून पुन्हा बसवण्याच्या कामाला शाकारणी म्हणतात. गवताने शाकारलेल्या घरांना तर दरवर्षी नवे गवत लागेच, पण कौले आल्यावरही हे काम सुटले नाही, कारण जुने कौल नुसते ठेवलेले असे. कुंभार चाकावर एका तोंडाला किंचित निमुळते असे लांबट नळकांडे उभे करी, ते ओले असतानाच उभे चिरून दोन अर्धे करी आणि मग भट्टी लावी. छपरावर एक ओळ उताणी आणि तिच्या दोन कडा झाकणारी दुसरी पालथी, अशी ही नळीची कौले बसत. त्यांना धरून ठेवणारी खाच नाही की खिळा नाही, त्यामुळे मांजर धावले, वानर उतरले किंवा वाऱ्याने फणसाची फांदी घासली की ती सरकत, आणि वैशाखात सारे छप्पर पुन्हा हाताखालून काढावे लागे.

त्यांची जागा ज्या चपट्या, खाचा असलेल्या कौलाने घेतली त्याचा प्रवास मात्र दूरचा आहे. स्वित्झर्लंडमधील बाझेल शहरातून आलेले, आपल्याकडे बासेल मिशन या नावाने ओळखले जाणारे धर्मप्रचारक १८३४ साली मंगळूरला पोहोचले. धर्मांतर करणाऱ्यांचा जातीशी आणि जातीबरोबर धंद्याशी संबंध तुटे, म्हणून त्यांना काम देण्यासाठी मिशनने विणकाम आणि छपाई यांचे उद्योग उभे केले, आणि १८६५ मध्ये गेऑर्ग प्लेब्स्ट यांच्या पुढाकाराने कौलांचा कारखाना निघाला. नेत्रावतीच्या काठची चिकण माती, साच्यात दाबून आकार देणारे यंत्र आणि सारखी आच देणारी भट्टी यांतून जे कौल बाहेर पडले त्याच्या पाठीला छपराच्या रिपेवर, म्हणजे वाशांवर आडव्या ठोकलेल्या पट्टीवर, अडकणारे कान होते आणि कडांना शेजारच्या कौलात बसणाऱ्या खोबणी होत्या. पाहता पाहता त्या किनाऱ्यावर इतरांचेही कारखाने उभे राहिले. पहिल्या महायुद्धानंतर मिशनचे कारखाने ब्रिटिशांच्या ताब्यात जाऊन कॉमनवेल्थ ट्रस्टकडे आले, पण कौलाचे नाव मंगळुरी ते मंगळुरीच राहिले आणि गलबतांतून ते कोकणच्या बंदरांवर उतरत राहिले. कारखान्याचे नाव आणि चिन्ह कौलाच्या आतल्या बाजूला उमटवलेले असे, त्यामुळे ज्या घरात छताला फळ्या नव्हत्या त्या घरातील आजारी माणूस, बाळंतीण किंवा दुपारी पडवीत कलंडलेला म्हातारा यांच्या डोळ्यांसमोर तासन्‌तास शेकडो मैलांवरच्या कारखान्यांची ती अक्षरे उलगडत राहत. पुष्कळ मुलांनी रोमन लिपीतली पहिली अक्षरे पाठीवर पडून वाचली असतील, असे मानायला मोह होतो.

मंगळुरी कौल नळीच्या कौलासारखे सरकत नाही, म्हणून त्याची शाकारणी दरवर्षी मुळापासून करावी लागत नाही. पण फुटलेले बदलणे, खोबणीत साचलेला पतेरा, म्हणजे वाळका पालापाचोळा, झाडणे आणि शेवाळ खरवडणे हे टळत नाही, कारण खोबण तुंबली की पाणी उलटून आत येते. काही वर्षांनी मात्र सारे पाखे, म्हणजे छपराची एक संपूर्ण उतरण, उघडावे लागते. हे काम जाणणारा माणूस कौलावर कुठेही पाय देत नाही. खाली रीप कुठे आहे हे त्याच्या तळव्याला कळते आणि तो तिथेच भार टाकतो. आढ्याकडून, म्हणजे छपराच्या सर्वांत उंच आडव्या तुळईकडून, तो कौले उतरवीत येतो, शिडीवरचा माणूस ती झेलतो, अंगणात मुले आणि बायका ती हातोहात लावून उभ्या रांगा करतात. रांगेत ठेवण्यापूर्वी प्रत्येक कौलावर बोटाच्या पेराने टिचकी मारली जाते: खणखणीत वाजले तर शाबूत, बद्द वाजले तर तडा आहे. मग उघड्या पडलेल्या वाशांची पाहणी होते. ऐनाचे आणि किंजळीचे जुने वासे ठोकून पाहिले जातात, वाळवीची मातकट नळी कुठून चढली ते शोधले जाते, कुजलेली रीप उपटली जाते. त्या एका दिवशी माजघरात ऊन उतरते. धान्याची कणगी, देवघराची पाठ, फडताळाच्या आतला कोपरा अशा एरवी उजेड न पाहणाऱ्या जागा लख्ख होतात, ओल आणि कुबट वास निघून जातो, आणि डोक्यावर आकाश असलेल्या घरात माणसे थोडी हळू, थोडी बुजून बोलतात. संध्याकाळी ढग दिसू लागले की मात्र गडबड उडते, कारण उघड्या घरावर वळीव कोसळणे यासारखी आपत्ती नाही.

कौलारू घराला आणखी एक राखणदार असतो तो म्हणजे चुलीचा धूर. फटींतून बाहेर जाता जाता तो वाशांवर काजळीचा थर देतो आणि लाकूड पोखरणाऱ्या किड्यांना दूर ठेवतो, आणि म्हणूनच बंद पडलेले घर दुहेरी उघडे पडते: धूर थांबतो आणि शाकारणीही थांबते. घरातली सारी माणसे मुंबईला गेली आणि मे महिन्यातली फेरी चुकली की एका फुटक्या कौलातून पाणी वाशाच्या डोक्यावर पडत राहते, वासा कुजतो, शेजारची कौले खचतात, आणि मातीची भिंत भिजू लागली की पुढचे काही पावसाळेच पुरतात. छपरावर पत्रा टाकणाऱ्यांना म्हणूनच नावे ठेवता येत नाहीत. वानरांच्या टोळ्या एका दुपारी पाऊणशे कौलांचा चुरा करू शकतात, शाकारणी जाणणारे हात उरलेले नाहीत, आणि घरात एकटी वृद्ध बाई असेल तर तिने शिडीवर कोणाला चढवावे? तरीही पत्र्याखालच्या वैशाखात जो बसला आहे आणि पत्र्यावरच्या आषाढात ज्याला शेजारच्याचे बोलणे ऐकू आलेले नाही, त्याला कौलांखालची गारवा असलेली शांतता ही चैन वाटणार नाही. ती वाचवण्यासाठी गावागावांत शाकारणी शिकवली जावी, त्या कामाला गवंडीकामाइतकी मजुरी आणि मान मिळावा, ही मागणी जुन्या काळाच्या हळवेपणातून आलेली नाही.

छपराचे काम दिसते, त्यावर चढणारा दिसतो. जमिनीचे काम वाकून होते आणि दिसत नाही. पावसाने धुपलेले अंगण नवरात्रानंतर नव्याने करावे लागते: वरची माती खणून, दगड वेचून, पाणी शिंपडून ती लाकडी चोपण्याने ठोकून सपाट करतात आणि वर शेणाचे सारवण घालतात. शेणातील न पचलेले तंतू मातीला धरून ठेवतात, भेगा बुजवतात आणि धूळ बसवतात. बाहेरचे अंगण असे वर्षाकाठी होते. आतल्या जमिनी मात्र दर आठवड्याला, सणाच्या आदल्या दिवशी, मर्तिकानंतर, पुन्हा पुन्हा हाताने सारवल्या जातात, आणि तो हात बहुतेक वेळा बाईचा असतो. काळी, चमकदार जमीन हवी म्हणून सारवणात करवंटीचा कोळसा आणि पुढे जुन्या बॅटरीच्या सेलमधली काळी पूडही मिसळली जाऊ लागली. त्या पुडीत मँगनीजची संयुगे असतात आणि ती उघड्या तळहातांनी जमिनीवर पसरली जाते, याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. कोकणी अंगणाच्या शोभेवर पुष्कळ लिहिले गेले आहे. मनगटांच्या दुखण्यावर त्याच्या शतांशानेही नाही.

ही सर्व कामे ज्या पावसासाठी चालतात तो आला की मात्र आवारातली माणसे घरात बसत नाहीत. पहिल्या मोठ्या सरींनंतर ओढे वाहू लागतात आणि नदीतले मासे अंडी घालण्यासाठी प्रवाहाविरुद्ध वर चढून पऱ्ह्यांतून, म्हणजे छोट्या ओहोळांतून, भाताच्या खाचरांपर्यंत येतात. हे चढणीचे मासे. मग रात्री बत्त्या आणि विजेऱ्या घेऊन बांधाबांधावर माणसे दिसतात, पाण्याच्या वाटेवर बांबूचे सापळे लावले जातात, कुर्ल्यांच्या बिळांत हात जातात. या उत्साहाला आनंदाखेरीज दुसरे नाव देता येत नाही, पण त्या दिवसांत पकडलेल्या जवळजवळ प्रत्येक मादीच्या पोटात गाभोळी, म्हणजे अंड्यांची पिशवी, असते, आणि जिथे पऱ्ह्याचे सगळे तोंडच जाळ्याने बंद केले जाते तिथे पुढच्या वर्षीचा मासा त्याच रात्री संपतो. त्यापेक्षा गरवणे बरे. गरवणे म्हणजे बांबूच्या काठीला दोरा, दोऱ्याला गळ आणि गळाला गांडूळ लावून काठावर बसणे. ते श्रावणात, अंडी घालून झाल्यावर, पाणी थोडे निवळल्यावर करावे. ढोपरभर खोलीचा, वर करंजाची किंवा उंबराची सावली असलेला संथ डोह निवडावा, दोरा फार लांब सोडू नये, आणि गांडूळ शेणखताच्या खड्ड्याच्या कडेचे घ्यावे, कारण ते बारीक असते आणि गळावर अधिक वेळ जिवंत राहते.