‘वाचला रे!’

दर शनिवारी ठाण्याहून भाईंदरला घरी जाताना घोडबंदर रोड लागतो. गायमुखच्या घाटात खड्डा चुकवायला एखादा बाइकवाला झटकन वळतो, मागचा कंटेनर करकचून ब्रेक मारतो. आख्खी बस ‘वाचला रे!’ म्हणते आणि विसरून जाते. त्याची नोंद कुठेच होत नाही.

मित्रांनो, राष्ट्रीय महामार्गावरचा सुमारे ५०० मीटरचा पट्टा सरकारदरबारी ‘ब्लॅकस्पॉट’ कधी ठरतो? ३ वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे ५ अपघात, नाहीतर १० मृत्यू झाले की! म्हणजे केटी लागल्यावर अभ्यास सुरू.

स्वीडनच्या लुंड विद्यापीठातल्या लोकांनी ‘वाचला रे’च मोजायची पद्धत बसवली. चौकात उभं राहायचं. धडक टाळायला ब्रेक किंवा वळण घेतलं त्या क्षणी वेग किती होता, धडकेला किती सेकंद उरले होते, ते लिहायचं. धोका कळायला कुणी मरावं लागत नाही.

आपल्या सिव्हिलवाल्यांना हे सहज जमेल. सर, सर्व्हेच्या प्रॅक्टिकलला कॉलेजचं तेच ते ग्राउंड किती वर्षं मोजायचं? एक बॅच वही घेऊन कासारवडवलीच्या नाक्यावर, फुटपाथवरून, उभी करून तर बघा!