घडीचा चाकू आणि वेल्सचा रस्ता

लँडिड्नोहून ए-४७० ने दक्षिणेला कार्डिफची वाट धरली. हा रस्ता अख्खं वेल्स उभं पार करतो. मोटारसायकलवर त्याचा प्रत्येक चढ अंगाला कळतो. दुपारी ब्रेकन बीकन्सच्या डोंगरांत थांबून खिशातला घडीचा चाकू उघडला. पातं ३ इंचांच्या आतलं, लॉक न होणारं. असा चाकू बाळगायला इथला कायदा कारण विचारत नाही. त्या चाकूने केरफिली चीज कापलं. पांढरं, भुसभुशीत, किंचित आंबट. दक्षिणेतल्या कोळसा खाणींतले कामगार हे चीज डब्यात नेत. सोबत बारा ब्रिथ, चहात भिजवलेल्या मनुकांचा गोड पाव. दुसऱ्याचा मुलूख समजून घ्यायचा, तर त्याच्या कष्टकऱ्यांचं अन्न भुकेल्या पोटी खावं, असं मला मनापासून वाटतं. त्यासाठी एवढंसं पातं पुरतं.