मांडवीवरचं छोटं टेबल

राहुरीकडच्या माणसाला पत्ते कुणी शिकवावे लागत नाहीत. घरात मेंढीकोट, पाच-तीन-दोन आणि झब्बू, लग्नघरी रमी, आणि दिवाळीच्या सुट्टीत विहिरीवरच्या खोलीत तीनपत्ती. बाकी सगळ्यांत मी रमलो, तीनपत्तीपासून मात्र लांब राहिलो. तिथे ज्याचा खिसा मोठा तो चाल वाढवत नेतो आणि बरी पानं असलेला माणूस घाबरून पॅक करतो. शिवाय १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा महाराष्ट्रात अजून लागू आहे. छापा पडला की दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी.

पोकरची ओढ लागली ती पुण्याच्या भाच्यामुळे. "मामा, हा खेळ तुमच्या प्लॉटच्या नोंदींसारखा आहे. एका हंगामावरून इथे कुणी निकाल देत नाही," असं तो एकदा बोलून गेला आणि ते वाक्य माझ्या डोक्यात बसलं. माझी नोकरी महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या प्रक्षेत्रावर वाणांच्या चाचण्यांच्या नोंदी ठेवण्यात गेली. एखादा वाण एका प्लॉटमध्ये भरघोस आला म्हणून तो चांगला ठरत नाही. त्या प्लॉटला पाटाचं पाणी जास्त मिळालेलं असू शकतं. म्हणून तोच वाण कितीतरी तुकड्यांत, वेगवेगळ्या हंगामांत लावायचा आणि मगच बोलायचं. पत्त्यांच्या खेळात असं काही असेल तर ते शिकून घ्यायचं मी ठरवलं.

शिकून झाल्यावर खेळायचं कुठे, हा पुढचा प्रश्न. पूर्वी फोनवर खेळता यायचं. फोनवरच्या पैशाच्या रमीने आणि पोकरने ओळखीच्या घरांतली पोरं कशी खड्ड्यात घातली, ते मी पाहिलं आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने कायदा करून पैशाचे ऑनलाइन खेळ बंद केले, याचा मला मनापासून आनंद आहे. परवान्याचे कॅसिनो देशात गोव्यात आणि सिक्कीममध्ये. गोव्याने १९७६ च्या आपल्या जुगार कायद्यात १९९६ साली दुरुस्ती करून पाण्यावरच्या बोटींना पत्त्यांची टेबलं लावायची मुभा दिली. तेव्हा दिवाळी उलटल्यावर गोव्याचं तिकीट काढलं.

राहुरीतून नगरला निघालो तर रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागलेली. विद्यापीठाची कमान मागे पडली, विळद घाट आला, आणि नगर स्टेशनवर खारे शेंगदाणे घेईपर्यंत निजामुद्दीनहून वास्कोला जाणारी गोवा एक्सप्रेस फलाटावर लागली. भाचा पुण्याला चढला. त्याच्या पिशवीत पत्त्यांचे दोन जोड होते. सातारा यायच्या आत खालच्या बाकावर टॉवेल अंथरून शाळा भरली. नाण्यांच्या जागी शेंगदाणे.

खेळाचा सांगाडा सोपा आहे. टेक्सास होल्डेम म्हणतात त्याला. प्रत्येकाला दोन पानं उपडी मिळतात. मधे सगळ्यांची मिळून पाच पानं उघडतात: आधी तीन एकदम, मग एक, मग शेवटचं एक. त्यांना फ्लॉप, टर्न, रिव्हर अशी नावं आहेत. सातांतल्या उत्तम पाचांचा डाव धरायचा. तीनपत्तीत बूट सगळेच लावतात; इथे सक्तीची रक्कम फक्त डीलरच्या बटणापासून डावीकडच्या दोघांची, एक लहान आणि एक मोठी. बटणासोबत या दोघांची जागाही टेबलाभोवती फिरत राहते.

तीनपत्ती येणाऱ्याची पहिली ठेच ठरलेली. आपल्याकडे रन कलरपेक्षा वरचढ. पोकरमध्ये कलर वर आणि रन खाली. मी कारण विचारलं तेव्हा भाच्याने मोजूनच दाखवलं. तीन पानांच्या डावात साध्या रनचे प्रकार ७२० आणि कलरचे १,०९६, म्हणजे रन दुर्मीळ. पाच पानांत उलटं होतं: कलर ५,१०८ आणि रन १०,२००. जे दुर्मीळ ते वर. आकड्याने पटलेली गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही.

पण जिंकण्याची युक्ती क्रमवारीत नाही. बावन्न पानांतून दोन पानांच्या जोड्या १,३२६ होतात. कुठला रंग हे सोडून दोन्ही पानं एका रंगाची आहेत की नाहीत एवढंच पाहिलं तर खरे प्रकार १६९. नवशिक्याने त्यांतले थोडेच खेळायचे: मोठ्या जोड्या, एक्का-राजा, एक्का-राणी, राजा-राणी आणि जागा चांगली असेल तर आणखी काही. बाकीची पानं दर वेळी टाकून द्यायची. एक्क्यांची जोडी सरासरी २२१ डावांत एकदा येते, कुठलीही जोडी १७ त एकदा. दोन वेगळी पानं हातात असली तर फ्लॉपवर त्यांतल्या एकाची तरी जोडी जमण्याचा योग साधारण तिनांत एकदा. म्हणजे तिनांतून दोनदा फ्लॉप आपल्याला काही देतच नाही. "दोन्ही पानं बदामाची आहेत म्हणून लोक काहीही खेळतात," भाचा म्हणाला. "फ्लॉपवरच पुरा कलर जमतो तो ११९ वेळांत एकदा, मामा."

जागेचं महत्त्व मला सांगलीच्या आसपास कळलं. जो शेवटी बोलतो त्याला आधीच्यांनी काय केलं ते दिसलेलं असतं. म्हणून बटणावर, म्हणजे शेवटी बोलायच्या जागेवर, बसल्यावर जी पानं खेळायची, ती पहिल्या जागेवरून बिनदिक्कत टाकायची. आणि खेळायला उतरायचंच तर रक्कम वाढवून उतरायचं. एक्क्यांची जोडी एका अनोळखी हातासमोर १०० त ८५ वेळा टिकते, चार जणांसमोर ५६ च्या आसपास. गर्दी कमी करणं हे वाढवण्यामागचं एक कारण.

मग शेंगदाण्यांचा हिशोब. मधे नऊ दाणे आहेत, समोरच्याने तीन लावले. आता बारा झाले आणि मला तीन घालायचे आहेत. घातले की पंधरा होतील; त्यांत माझे तीन, म्हणजे पाचवा हिस्सा. तेव्हा मी निदान पाचांत एकदा जिंकायला हवा. चार बदाम जमले आहेत, पाचवं हवं: न पाहिलेली ४७ पानं, त्यांत बदाम ९. पुढच्याच पानावर तो योग १९ टक्के. जवळजवळ बरोबरीचा सौदा. समोरच्याने तीनऐवजी नऊ लावले असते तर तिसरा हिस्सा मागितला असता आणि पानं टाकणंच शहाणपणाचं. हा हिशोब मी पुन्हापुन्हा मांडून घेतला. मिरजेला शेजारचे काका झोपायला आले तेव्हा अर्धे दाणे संपले होते आणि उरलेल्यांचा हिशोब माझ्या बोटांवर बसला होता.

कॅसलरॉकनंतर गाडी घाट उतरू लागली. काळोखात दूधसागरचा पांढरा पट्टा दारातून क्षणभर दिसला. मडगावला उजाडत उतरलो, कदंबची बस धरली आणि झुआरीचा पूल ओलांडून पणजी गाठली. भाच्याने दुपारी सक्तीने झोपायला लावलं. थकलेल्या माणसाने टेबलावर बसायचं नाही, हाही त्याच्या नियमांतला एक.

संध्याकाळी मांडवीच्या काठाने चालत धक्क्यावर गेलो. पलीकडे बेतीची फेरी ये-जा करत होती आणि मधल्या पाण्यात कॅसिनोच्या बोटी दिव्यांनी उजळल्या होत्या. या बोटी मांडवीतून हलवाव्यात अशी पणजीतल्या लोकांची मागणी जुनी आहे. नदीचा तो भर शहरातला सुंदर पट्टा पाहिल्यावर मला ती रास्त वाटली. खुद्द गोवेकरांना २०२० पासून कॅसिनोत जायला बंदी आहे.

ओळखपत्र दाखवून लहान बोटीने मोठ्या बोटीवर गेलो. आत पहिल्यांदा दिसतं ते रुलेटचं चाक. एका शून्याच्या चाकावर ३७ घरं असतात आणि आकडा लागला तर ३५ पट मिळतात; शंभर रुपयांमागे सरासरी २ रुपये ७० पैसे कॅसिनोचे. तिथे कुणाचीही कुठलीही युक्ती कायमची चालत नाही, कारण समोर कॅसिनो खेळतो. पोकरच्या टेबलावर कॅसिनो खेळत नाही. खेळाडू एकमेकांशी खेळतात आणि कॅसिनो प्रत्येक पॉटमधून, म्हणजे मधे जमलेल्या रकमेतून, आपला हिस्सा, रेक, काढून घेतो. पोकर शिकण्यात अर्थ आहे तो एवढ्या फरकामुळे.

चालू असलेल्यांतलं सर्वांत लहान टेबल १००-२०० चं होतं, म्हणजे सक्तीच्या दोन रकमा शंभर आणि दोनशे. मी दहा हजारांच्या चिप्स घेतल्या. हरले तरी घरात कुणाच्या ताटात फरक पडणार नाही, अशी ती वेगळी ठेवलेली रक्कम होती. डीलर मुलीचे हात बघत राहावेत असे: पानं पिसताना कडा जेमतेम उचललेल्या, कुणालाही पान दिसणार नाही इतक्या खाली, फ्लॉप उघडण्याआधी वरचं एक पान उपडंच बाजूला सरकवायचं, मग तीन पानं एका झटक्यात पसरायची. तेवढ्यात रेकच्या चिप्स टेबलातल्या फटीत टाकलेल्या असायच्या.

मी पानं टाकत होतो. राजा-तिर्री, गुलाम-पंजी, नव्वी-चव्वी. माझ्या उजवीकडे तासगावचे एक बेदाणा व्यापारी बसले होते. ते जवळजवळ प्रत्येक डावात उतरायचे. शेवटी त्यांना राहवलं नाही. "पाव्हणं, नुसती पानंच टाकताय की. खेळायचं हाय का न्हाई?" मी म्हटलं, "पान येऊ द्या, खेळतो." त्यांनी मनापासून हसून मान हलवली. लहान टेबलावरचं बहुतेक सगळं या माणसात होतं. लोक तिथे खेळायला आलेले असतात, पानं टाकायला नाही. त्यामुळे फसवाफसवी करून त्यांना पळवणं व्यर्थ. ते पळतच नाहीत. चांगलं पान असेल तेव्हा रक्कम लावत राहायचं आणि ते भरत राहतात.

मी बटणावर होतो तेव्हा एक्का-राणी आली. समोर साडेनऊ हजार उरले होते. दोघे दोनशेवर आत आलेले, त्यांत तासगावकर. मी हजार केले. तासगावकर राहिले, बाकीचे गेले. पॉट अडीच हजार. फ्लॉप: राणी, सत्ती, दुर्री. त्यांनी काही न लावता टेबल ठोकलं, मी दीड हजार लावले, त्यांनी भरले. टर्नवर नव्वी, मी तीन हजार, त्यांनी भरले. रिव्हरवर पंजी. उरलेले चार हजार मी पुढे सरकवले. ते पानांकडे, माझ्याकडे, पुन्हा पानांकडे बघत राहिले आणि शेवटी भरले. त्यांच्याकडे राणी-दश्शी होती. साडेएकोणीस हजारांचा पॉट रेक कापून माझ्याकडे आला. "राणी दिसली की मला सुटत न्हाई बघा," ते म्हणाले आणि खिलाडूपणे नव्या चिप्स मागवल्या.

मला मात्र त्या रात्रीचा दुसराच डाव मोलाचा वाटतो. राजांची जोडी हातात, मधे गुलाम, अठ्ठी, चव्वी आणि टर्नवर पुन्हा अठ्ठी. समोर एक अबोल गृहस्थ, संध्याकाळपासून फक्त भरत आलेले, एकदाही न वाढवलेले. मी रक्कम लावली आणि त्यांनी एकदम तिप्पट केली. असा माणूस जागा झाला की त्याच्या पानांवर विश्वास ठेवायचा, हे भाच्याने गाडीत बजावलं होतं. मी राजे उपडेच सरकवले. त्यांच्याकडे काय होतं ते कधीच कळणार नाही, आणि कळायची गरजही नाही. तशा माणसाची तशी चाल शंभर वेळा आली तर बहुतेक वेळा राजे हरतात. त्या शंभरांचा विचार करून घेतलेला निर्णय बरोबर असतो.

जांभया सुरू झाल्यावर उठलो. टेबलावरच्या चिप्स सुरुवातीपेक्षा जास्त होत्या. परतीच्या गाडीत भाच्याने वही काढली आणि आम्ही पूर्ण हिशोब मांडला. चिप्सच्या खरेदीवर जीएसटी ऑक्टोबर २०२३ पासून २८ टक्के होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के झाला. पत्त्यांत जिंकलेल्या रकमेवर प्राप्तिकर ३० टक्के, आणि हरलेली रक्कम त्यातून वजा करता येत नाही. शिवाय रेक आणि प्रवास. हे सगळं धरलं तेव्हा शिलकीत सांगण्यासारखं फार उरलं नाही.

माझं मत असं झालं आहे: लहान टेबलावरच्या माणसांना हरवायला धीर आणि बेरीज-वजाबाकी पुरते, पण कर आणि रेक यांना ती पुरत नाहीत. पोटापाण्यासाठी या टेबलाकडे कुणी जाऊ नये. खेळ म्हणून मात्र पोकर सुंदर आहे आणि तो घरी, पैसा न लावता, शेंगदाण्यांवर पूर्णपणे शिकता येतो. शाळेतल्या पोरांना संभाव्यता शिकवायला याहून चांगलं साधन मला ठाऊक नाही. आणि एकदा मांडवीवर जायचंच असेल तर वयाची २१ वर्षं पूर्ण असल्याचं ओळखपत्र जवळ ठेवा, दुपारी झोप काढा, आणि चिप्स घेण्याआधी खिडकीवर कर किती आणि रेक किती हे दोन्ही विचारून घ्या.