बेटम्याचा शेजार

नाताळचा सण आटोपला आणि आम्हांस इंदूरला जाण्याचा योग आला. आमच्या नात्यातील एक सिस्टर त्या धर्मप्रांतात सेवेस आहेत. त्यांची प्रकृती बरी नसल्याचे कळले, म्हणून भेटीस गेलो. त्यांच्या ओळखीच्या एका महाराष्ट्रीय कुटुंबाने आमची उतरण्याची सोय केली होती. इंदूरला होळकरांच्या काळापासून मराठी माणसांची वस्ती आहे. त्यांच्या मराठीला माळव्याची गोड झाक आली आहे, एवढाच फरक.

पहिल्याच सकाळी आमच्या हातून एक चूक घडली. न्याहारीनंतर केळ्याची साल, चहाचा चोथा आणि बिस्किटाच्या पुड्याचा कागद आम्ही एकाच डब्यात टाकून मोकळे झालो. घरच्या काकू जवळच उभ्या होत्या. त्यांनी शांतपणे कागद बाहेर काढला, झटकला आणि शेजारच्या डब्यात ठेवला.

“भाऊ, राग मानू नका,” त्या म्हणाल्या, “पण असं एकत्र केलं, तर दारावरची गाडी आमचा केर घ्यायची नाही. आणि गल्लीत सगळ्यांसमोर परत आणायचा म्हणजे लाज वाटते हो.”

थोड्याच वेळात गाणे वाजवीत ती गाडी आली. तिला निरनिराळे कप्पे होते: ओला केर, प्लास्टिक, इतर सुका केर, घरातील पट्ट्या व लंगोट, धोक्याच्या वस्तू, जुनी विजेची उपकरणे. कोणीही कोणावर ओरडत नव्हते. शाळेला निघालेली मुलेसुद्धा जाता जाता डबे रिकामे करून जात होती. २०१७ सालापासून देशातील स्वच्छ शहरांच्या पाहणीत हे शहर सलग सात वेळा पहिले आले. सातव्या वेळी, २०२३ च्या पाहणीत, त्याने हा मान सुरतबरोबर वाटून घेतला. २०२५ च्या जुलैत निकाल लागला तेव्हा त्याला नेहमीच्या स्पर्धेतून काढून निराळ्याच वरच्या श्रेणीत बसविण्यात आले. या साऱ्या मानाचे मूळ आम्हांस त्या दिवशी काकूंच्या स्वयंपाकघरातील डब्यांत दिसले.

या गोष्टीला जुना इतिहासही आहे. १९१७ साली होळकर दरबाराने पॅट्रिक गेडिस नावाच्या स्कॉटिश विद्वानास शहराची पाहणी करण्यास बोलाविले होते. त्या काळी प्लेगने लोक हैराण झाले होते. गेडिस साहेबांनी दिवाळीत एक अपूर्व मिरवणूक काढली. ज्या भागातील घरे व रस्ते अधिक स्वच्छ, त्या भागातून मिरवणूक जाणार, असे त्यांनी आधीच जाहीर केले. मग काय, प्रत्येक आळी झाडूनपुसून लख्ख झाली! मिरवणुकीत घाणीचा एक प्रचंड राक्षस होता, त्याला शेवटी जाळले. परंतु आम्हांस अधिक भावले ते निराळेच. त्या मिरवणुकीत शहरातील झाडूवाले स्वच्छ पांढऱ्या वेशात मानाने चालत होते. ज्यांची सावलीही लोक टाळीत, त्यांना त्या दिवशी शहराने आपले म्हटले. स्वच्छतेचा आरंभ झाडूपासून होत नाही, झाडू धरणाऱ्याला मान देण्यापासून होतो, हे शंभर वर्षांपूर्वी तेथे कोणी तरी ओळखले होते.

दुसऱ्या दिवशी आम्ही देवगुराडियाच्या बाजूस गेलो. तेथे सुमारे १०० एकरांवर शहराचा जुना उकिरडा पसरलेला होता. वर्षानुवर्षे साठलेला लाखो टन केर यंत्रांनी उकरून, चाळून, वेगळा करून ती जमीन मोकळी करण्यात आली. जवळच १९ फेब्रुवारी २०२२ रोजी ओल्या केरापासून वायू तयार करणारा मोठा कारखाना सुरू झाला. दिवसाला ५५० टन ओला केर पचवून सुमारे १७,००० किलो वायू आणि १०० टन खत काढण्याची त्याची योजना आहे. शहराच्या काही बसगाड्या या वायूवर धावतात. म्हणजे काकूंच्या घरची केळ्याची साल फिरून बसच्या पोटात जाते! मात्र त्या सालीबरोबर प्लास्टिक गेले, तर कारखान्याचे पोट बिघडते. म्हणूनच गाडीवाला एवढा काटेकोर.

वाचकहो, इंदूरचे नुसते गुणगान करून थांबणे बरे नव्हे. २०२५ च्या डिसेंबरात याच शहरातील भागीरथपुरा वस्तीत पिण्याच्या पाण्यात सांडपाणी मिसळले. शेकडो लोक आजारी पडले आणि कित्येक घरांत मृत्यू शिरला. आम्ही गेलो तेव्हा त्या दुःखाची चर्चा घरोघरी चालू होती. काकू म्हणाल्या, “रस्ता चकचकीत दिसतो, पण जमिनीखाली काय चाललंय ते पाहायला नको का?” हे बोलताना त्यांचे डोळे भरून आले होते. दिसणारी घाण काढली म्हणजे काम संपले, असे मानणाऱ्या प्रत्येक गावाने या घटनेपासून धडा घ्यावा.

काकूंचे पुतणे बेटम्याच्या एका शाळेत मास्तर आहेत. “मोठं शहर पाहिलंत, आता आमचं छोटं गावही पाहा,” असे म्हणून त्यांनी आम्हांस आपल्याबरोबर घेतले. गंगवाल स्थानकावरून धार रस्त्याने बस निघाली. डाव्या हातास सिरपूरचा तलाव लागला. २०२२ साली त्याला रामसर यादीत, म्हणजे जगातील महत्त्वाच्या पाणथळ जागांत, स्थान मिळाले. पुढे घरे विरळ झाली आणि माळव्याची काळी जमीन सुरू झाली. गव्हाची हिरवी शेते दूरवर डोलत होती. वाटेत एका वस्तीपाशी बस थांबली. तिथे रस्त्याकडेला केराचा ढीग धुमसत होता आणि दोन गाई त्यातून प्लास्टिकच्या पिशव्या ओढीत होत्या. आम्हांस आमच्या गावची वेस आठवली आणि आम्ही मान खाली घातली. तिची हकीगत पुढे सांगू.

पाऊण-एक तासात बेटमा आले. गाव लहान, पण इतिहास मोठा. येथे राजा भोजाचा एक ताम्रपट सापडला आहे. १०२० साली कोकण जिंकल्याच्या आनंदात त्याने एका ब्राह्मणास जमीन दान दिल्याचे त्यात नमूद आहे. मास्तर हसून म्हणाले, “पाहा, तुमच्या कोकणाचं नाव हजार वर्षांपूर्वीच इथं तांब्यावर कोरलं गेलं.” कोकणकिनाऱ्यावरील आम्हां मंडळींस हे ऐकून मोठी मौज वाटली.

नंतर आम्ही येथील प्रसिद्ध गुरुद्वारात गेलो. गुरू नानक येथे आले असता लोकांनी पाणी खारट असल्याचे गाऱ्हाणे त्यांच्यापुढे मांडले आणि त्यांच्या कृपेने बावडीचे पाणी गोड झाले, अशी शीख बांधवांची श्रद्धा आहे. लंगरात आम्ही पंगतीला बसलो. जेवण झाल्यावर प्रत्येक जण आपली थाळी स्वतः उचलून धुण्याच्या जागी नेत होता. पानात टाकलेले अन्न कुठे दिसले नाही. कोणत्याही फलकावाचून चाललेली ती शिस्त पाहून आम्हांस आमच्या लग्नांतील जेवणावळी आठवल्या. त्यांविषयी अधिक न लिहिलेलेच बरे.

बाजारात मास्तरांच्या ओळखीच्या एका किराणा दुकानदाराकडे चहा झाला. गोष्ट अर्थातच केराकडे वळली. दुकानदार हिंदीत जे बोलला, त्याचा आशय असा: “साहेब, इंदूर हत्ती आहे. त्याच्यापाशी शेकडो गाड्या, मोठाली यंत्रे, मोठाले साहेब. आमच्यासारख्या लहान गावाने हे सारे कुठून आणायचे? आणि आम्ही नाही आणले, तर आमचा केर जाणार कुठे?”

प्रश्न सरळ होता, आणि तो एकट्या बेटम्याचा नव्हता. प्रत्येक लहान गाव हाच प्रश्न विचारीत आहे. वायूचा कारखाना काढण्याइतका ओला केर लहान गावात निघत नाही. सुक्या केरातील प्लास्टिक घेण्यास व्यापारी यावा, तर एक ट्रकही भरत नाही. निरुपयोगी केर शास्त्रशुद्ध रीतीने पुरावयाचा, तर त्या जागेचा खर्च एका नगर परिषदेला पेलत नाही. मग सोपा मार्ग उरतो तो वेशीबाहेरच्या नाल्याचा.

याला उपाय एकच, आणि तो म्हणजे शेजारधर्म. पन्नास किलोमीटरांच्या आतील गावांनी आणि शहरांनी मिळून खर्च वाटून घ्यावा व एकच सामाईक जागा चालवावी, हा विचार २०१६ च्या घनकचरा नियमांत स्पष्ट मांडला होता. बेटमा तर इंदूरपासून त्याच्या जवळपास निम्म्याच अंतरावर आहे. बेटम्याच्या तालुक्याचे गाव देपालपूर. २०२५ साली इंदूर महानगरपालिकेने याच देपालपूरला हात देण्याचे पत्करले. त्याच वर्षी सप्टेंबरात केंद्र सरकारने ‘स्वच्छ शहर जोडी’ नावाचा उपक्रम सुरू केला. त्यात पुढे गेलेल्या ७२ शहरांनी मागे राहिलेल्या सुमारे २०० शहरांना आपले अनुभव शिकवावयाचे आहेत. थोरल्या भावाने धाकट्याचा हात धरून त्याला रस्ता ओलांडून द्यावा, तसे हे. यातून काय निपजते हे काळच ठरवील, पण वाट योग्य आहे.

मात्र शेजारधर्माच्या नावाखाली शेजाऱ्यावर ओझे लादणे वेगळे. बेटम्याच्या दक्षिणेस थोड्याच अंतरावर पीथमपूरची कारखान्यांची वसाहत आहे. १९८४ च्या भोपाळ वायुकांडातील कारखान्याचा ३३७ टन विषारी केर चाळीस वर्षांनी, २०२५ च्या जानेवारीत, बारा बंदिस्त गाड्यांतून तेथे आणला गेला आणि न्यायालयाच्या देखरेखीखाली जाळण्यात आला. तेथील लोकांनी भयापोटी कडवा विरोध केला. आपल्याकडे पुण्याचा केर वर्षानुवर्षे फुरसुंगी आणि उरुळी देवाची या गावांच्या माथी पडला व तेथील विहिरी नासल्या. मोठ्याने लहानाला विचारले नाही, त्याच्याशी बसून बोलणे केले नाही, तर ते सहकार्य नव्हे, ती सक्ती होय.

चांगली उदाहरणेही आपल्या जवळच आहेत. गोव्यात बार्देस तालुक्यातील साळगाव येथे २०१६ साली एक प्रकल्प सुरू झाला. त्या पठारावर पूर्वी उघड्यावर केर टाकला जाई. आता किनाऱ्यावरील अनेक पंचायतींचा केर तेथे एकत्र येतो. ओल्यापासून वायू व खत होते, सुका वेगळा काढला जातो. आरंभी दिवसाला १०० टनांची असलेली क्षमता पुढे २५० टनांपर्यंत वाढविण्यात आली. एकट्या पंचायतीला हे जन्मात जमले नसते. सिंधुदुर्गातील वेंगुर्ला नगर परिषदेने तर आणखी एक गोष्ट दाखवून दिली. तेथे घरोघरी केर इतका बारकाईने वेगळा होऊ लागला की, उकिरड्याच्या जागी बाग उभी राहिली आणि लोक ती पाहावयास येऊ लागले. यंत्रे मोठी नसली तरी चालतील, पण हातांनी आळस करता कामा नये.

आता आमच्या वेशीची हकीगत. आमच्या गावाला आणि शेजारच्या गावाला विभागणारा एक नाला आहे. आम्ही आमचा केर पलीकडच्या काठाला ढकलतो, ते त्यांचा अलीकडे. पावसाळ्यात दोन्ही केर एकत्र होऊन खाडीत जातात आणि भरतीबरोबर दोघांच्याही शेतांत परततात. दोन्ही गावांत देऊळ आहे, चर्च आहे, शाळा आहे. एकमेकांच्या लग्नाला आम्ही जातो, मयताला खांदा देतो. परंतु या नाल्याविषयी दोन्ही ग्रामपंचायती एका सतरंजीवर बसल्याचे आम्हांस आठवत नाही. दोष केवळ पंचायतींचा नाही. आम्ही तरी ग्रामसभेत हा विषय कधी काढला?

परतीच्या गाडीत आम्हांस पाच भाकरींच्या चमत्काराची आठवण झाली. हजारो लोक जेवून तृप्त झाले. ज्या प्रभूने आकाशाकडे पाहून एवढे अन्न वाढविले, त्याला उरलेल्या तुकड्यांची काय चिंता? तरीही ते वाया जाऊ नयेत म्हणून त्याने शिष्यांकडून गोळा करविले, आणि बारा टोपल्या भरल्या. चमत्कार देवाने केला, पण टोपल्या माणसांना उचलाव्या लागल्या. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ सालच्या आपल्या परिपत्रकात ही धरती आपले सर्वांचे सामाईक घर असल्याचे जगातील प्रत्येक माणसाला कळकळीने सांगितले, त्याचा घरगुती अर्थ हाच असावा. सामाईक घरात एका खोलीचा केर दुसऱ्या खोलीत लोटून घर झाडल्याचे समाधान मिळत नाही.

घरी आल्यावर आम्ही दोन डबे आणले. आमच्या धाकट्या नातीने त्यांवर ‘ओला’ आणि ‘सुका’ असे खडूने लिहिले. भंगारवाल्या मावशी दारावर आल्या तेव्हा धुऊन वाळविलेल्या पिशव्या पाहून त्यांना आश्चर्य वाटले. आम्ही त्यांना बसावयास पाट दिला व चहा दिला. पुढील ग्रामसभेसाठी नाल्याचा विषय लिहून दिला आहे, आणि रविवारच्या मिस्सानंतर पलीकडच्या गावातील चार जाणत्या मंडळींना घरी बोलाविले आहे. ते येतील की नाही, ठाऊक नाही. परंतु बेटम्याच्या त्या दुकानदाराने विचारलेला प्रश्न आम्ही त्यांच्यापुढे ठेवणार आहोत. आमचा केर जाणार कुठे? शेजाऱ्याच्या दारात नाही, एवढे उत्तर जरी दोन्ही काठांनी मिळून ठरविले, तरी नाल्याचे पाणी गोड होण्यास आरंभ झाला असे आम्ही समजू.