डोंबिवलीची संख्या

मी आयुष्यभर मराठी शिकवली. गणिताशी माझे सूत कधी जमले नाही, आणि या गोष्टीचा मला थोडा अभिमानच वाटे. एकदा निबंधाच्या तासाला मागच्या बाकावरील एक मुलगा वहीत आकड्यांच्या ओळी मांडताना दिसला. मी वही उचलून साऱ्या वर्गाला दाखवली व म्हणालो, “पाहा, निबंधाऐवजी आकड्यांची रांगोळी!” वर्ग खो खो हसला. “सर, बरोबर मध्यावर नऊ येतो,” एवढेच तो पुटपुटला. मी त्याला पुढे बोलू दिले नाही.

निवृत्तीनंतर नेरूळच्या घरी द. रा. कापरेकर यांच्याविषयी वाचत असता तीच रांगोळी पुन्हा समोर आली. कापरेकरांचा जन्म १९०५ साली डहाणूस झाला. नाशिकजवळच्या देवळालीस ते १९६२ पर्यंत शाळामास्तर होते. डोंबिवलीच्या स्थानकावर त्यांना काही संख्यांचा छंद जडला, म्हणून त्या स्थानकाच्या नावावरून त्यांनी त्यांना ‘डेम्लो’ म्हटले. आमच्या नेरूळहून ठाण्यास गाडी बदलली, की डोंबिवली ती केवढी दूर!

मी कागद घेतला. नऊ वेळा एक लिहून झालेल्या संख्येला तिनेच गुणले. प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकते, अशा नऊ ओळी झाल्या. उभी बेरीज करू लागलो. उजव्या कडेला एक, मग दोन, मग तीन. मधल्या घरात नऊही ओळींतील एक गोळा होतात आणि तेथून उतार लागतो. उत्तर आले १२३४५६७८९८७६५४३२१. डावीकडून वाचा की उजवीकडून, सारखेच!

सतरा अंक. ‘लीलावती’तील स्थानांच्या नावांनी मोजत गेलो, तो खर्व, निखर्व, महापद्म मागे पडले आणि मी ‘मध्य’ या स्थानी पोचलो. पुढचे घर परार्धाचे! भाषेच्या शिक्षकाला ही नावे पाठ असतात, पण त्यांचे काम मला प्रथमच पडले.

या अंकांची बेरीज ८१. आणि ८१ ने त्या संख्येस भागले, तर बाकी शून्य उरते, भागाकार १५२४१५७८९९७१०४१. आपल्याच अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जाणाऱ्या अशा संख्यांना कापरेकरांनी ‘हर्षद’ हे नाव दिले. हर्ष देणारी ती हर्षद. इतका नेमका शब्द मला सुचला नसता.

मग हाव सुटून दहा वेळा एक लिहून पाहिले. मधल्या घरात दहा आले, हातचा डावीकडे गेला आणि उत्तर झाले १२३४५६७९००९८७६५४३२१. डावीकडील आठ नाहीसा झाला; आरसा फुटला. म्हणजे नऊ ही शेवटची पायरी होती.

“बरोबर मध्यावर नऊ येतो.” त्या मुलाला बहुधा हेच सांगायचे होते. ती वही मी त्याला परत दिली की नाही, हे मला काही केल्या आठवत नाही.