घड्याळाच्या पोटांतलीं माणकें

आमच्या कळमन्याच्या घरांत सोन्याचें एक खिशांतलें घड्याळ आहे. आजोबांनीं तें केव्हां आणि कोणाकडून घेतलें, हें सांगणारें आज कोणी उरलें नाहीं. मात्र त्याच्या झांकणावर बसविलेला हिरवा खडा अस्सल पाचूचा आहे, ही श्रद्धा तीन पिढ्या एखाद्या कुलाचारासारखी चालत आली होती. पाहुण्यांना तें दाखवितांना मोठे काका आवाज जरा खालीं आणीत, आणि आम्ही मुलें श्वास रोखून पाहत असूं.

कळमना आतां नागपूर शहरांत सामावलें आहे. धान्य, मिरची आणि संत्रीं यांचा मोठा बाजार तेथें भरतो, आणि ढिगाऱ्यांपुढें उभें राहून मालाचे भाव बोलले जातात. अशा बाजाराच्या शेजारीं राहून प्रत्येक वस्तूचा भाव विचारण्याची संवय आम्हांसही लागली असल्यास नवल नाहीं. मोठे काका गेल्यावर वाटणीचा विषय निघाला. भांडींकुंडीं बिनबोभाट वाटलीं गेलीं. घड्याळापाशीं मात्र सारें अडलें. दोघे चुलतभाऊ आठवडाभर एकमेकांशीं बोलेनात. तेव्हां ‘विकून पैसे वाटून घ्यावे’ असा व्यवहारी तोडगा मींच सुचविला, हें लिहितांना आज संकोच वाटतो.

त्या दिवसांत अशा घड्याळांविषयीं मीं पुष्कळ वाचलें. १९१२ सालीं लंडनच्या चीपसाइड भागांत जुन्या इमारती पाडतांना मजुरांना जमिनीखालीं पुरलेला दागिन्यांचा मोठा सांठा सांपडला. त्यांत सतराव्या शतकाच्या आरंभींचें एक घड्याळ होतें. कोलंबियांतील एक मोठा षट्कोनी पाचू कोरून त्याची पेटी केलेली, आंत सोन्याची जोड आणि तबकडीवर हिरवी मिनाकारी. परंतु अडीचशें वर्षें मातीखालीं राहिल्यामुळें आंतलें यंत्र गंजून जागच्या जागीं बसलें. पाचूचें तेज आजही कायम आहे. वेळ मात्र तें घड्याळ सांगत नाहीं. या हकीकतींतून मीं त्या वेळीं एवढाच बोध घेतला कीं, आपल्याही पाचूला चांगली किंमत येईल!

एके दिवशीं घड्याळ घेऊन मी इतवारीच्या सराफ्यांत गेलों. वृद्ध सराफानें भिंगांतून खडा पाहिला आणि ‘कांच आहे’ एवढेंच म्हटलें. सोनें खरें होतें, परंतु पत्रा पातळ. तोळ्यामाशांच्या हिशेबांत तें फारसें भरेना. तें वितळवायचें तर आधीं यंत्र वेगळें काढावयास हवें, म्हणून त्यानें जवळच्या एका घड्याळजीला बोलावून घेतलें.

घड्याळजीनें मागलें झांकण उघडलें आणि भिंग माझ्या हातीं दिलें. म्हणाला, “रत्नें पाहायचीं असतील तर हीं पाहा.” यंत्राच्या पट्ट्यांवर तिळाहून लहान असे तांबूस ठिपके चमकत होते. तीं माणकें होतीं; घड्याळांत एकंदर पंधरा. चक्रांचे पोलादी आंस ज्या छिद्रांत फिरतात तीं छिद्रें पितळेचीं असलीं तर झिजतात. माणिक कठीण, म्हणून टिकतें. माणकाला भोंक पाडून आंस त्यांत बसविण्याच्या या युक्तीचा हक्क लंडनमध्यें १७०४ सालीं नोंदला गेला. पुढें १९०२ सालीं व्हेर्नेय या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानें भट्टींत माणिक तयार करण्याची रीत प्रसिद्ध केली, आणि तीं अगदीं स्वस्त झालीं. बाजारांत त्यांना दाम नाहीं. परंतु आंतलें झुलतें चक्र सेकंदाला पांच ठोके देतें. म्हणजे अहोरात्रांत ४,३२,०००. कलियुगाचीं वर्षेंही शास्त्रकारांनीं तितकींच सांगितलीं आहेत. एवढा भार रोज सोसतात तीं हीं माणकें, आणि झांकण लावलें कीं तीं कोणास दिसतही नाहींत.

“यंत्र उत्तम आहे,” घड्याळजी म्हणाला. “रोज नियमानें किल्ली मिळते आहे. घरांत कोण देतें?”

मला उत्तर देतां आलें नाहीं.

त्या रात्रीं मी मुद्दाम जागा राहिलों. सारी निजानीज झाल्यावर धाकटी काकू आली, कपाट उघडून तिनें घड्याळ पदरानें पुसलें आणि किल्ली दिली. मीं विचारल्यावर ती जराशी ओशाळली. “हे गेले त्या रात्रीं तें चालू होतें,” ती म्हणाली. “त्यानंतर बंद पडूं द्यायला जीव झाला नाहीं.” धाकटे काका जाऊन एकतीस वर्षें झालीं होतीं. वाटणीच्या चार बैठकी झाल्या. प्रत्येक वेळीं चहा तिनेंच आणून दिला होता. घड्याळाचें काय करावें, हें तिला कोणीं विचारलें नव्हतें. मींही नाहीं.

खडा कांचेचा निघाला हें कळतांच दोघां भावांचा घड्याळावरील हक्क आपोआप निवला. मीं तें काकूच्या हातीं दिलें, तर तिनें तें परत माझ्याकडे सरकविलें. “बोटांत आतां जोर राहिला नाहीं रे. तूंच देत जा.”

तेव्हांपासून मी देतों. रात्रीं स्थानकाकडून मालगाडीची शिटी ऐकूं येते, तेव्हां आठवण होते. एखाद्या दिवशीं विसरलोंच, तर काकू दाराशीं येऊन उभी राहते. बोलत कांहींच नाहीं.